सर्जेरावांची कोरडी मासेमारी

दीपावलीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या छपराचे कौल फुटले. कार्तिक पौर्णिमेस माझी वाळत घातलेली वेष्टी, म्हणजे धोतर, गळाला अडकून भर गल्लीतून फरफटत गेली. मार्गळी हा तमिळ महिना लागला त्या सोमवारी शिशाचे वजन माझ्या कॉफीत येऊन पडले. कॉफी नुकतीच फिल्टरमधून उतरली होती. या कृत्यांस जबाबदार असामी अशा : प्रथम, समोरच्या घरातील सर्जेराव, पशुवैद्यक खात्यातून निवृत्त; द्वितीय, त्यांस मासेमारीचे जपानी रीळ पाठविणारे सिंगापूरचे चिरंजीव; तृतीय, असल्या वस्तूंना देशाची दारे उघडून देणारे दिल्लीचे सरकार.

तंजावरास समुद्र नाही, हे सर्जेरावांखेरीज सर्वांस ठाऊक आहे. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत हा गृहस्थ वेष्टी गुडघ्यावर खोचून, माझ्या दाराकडे पाठ करून उभा राहतो, दोन पुरुष लांबीची काठी खांद्यामागे नेतो आणि गळ पिळ्ळैयार गणपतीच्या देवळाच्या दिशेने भिरकावतो. निदान तसा त्यांचा हेतू असतो. शिसे बहुधा मागेच सुटते, आणि मागे मी असतो.

कारण विचारावे तर एकच उत्तर : "अण्णा, आता तर खरा मासा येतो!" हा खरा मासा म्हणजे कोडुवा. पाऊस ओसरताना नद्यांचे गढूळ पाणी समुद्रास मिळते, तेव्हा तो तरंगंबाडीच्या किनाऱ्याशी, फुटत्या लाटांच्या फेसात शिरतो. पोंगल उलटले की निघून जातो. शहाणी माणसे त्या गारठ्यात काठ्या माळ्यावर टाकतात. सर्जेराव तेव्हा खाली काढतात.

मी रीतसर नोटिसा दिल्या, शुद्ध मराठीत. सर्जेरावांचे शिक्षण तमिळमध्ये; त्यांस देवनागरी वाचता येत नाही. म्हणून आरोपी स्वतः नोटीस घेऊन फिर्यादीच्या ओट्यावर येऊन बसतो.

"अण्णा, कागद आलाय. वाचून दाखवा की."

मी वाचतो.

"'बेमुर्वत' म्हणजे काय ओ?"

मी सांगतो.

"सरी, सरी. चोख लिवलात. थोडे मोठ्याने वाचा."

दंडसंहितेत अशा इसमासाठी कलम नाही. ही त्या संहितेची उणीव आहे.

परवा शिसे माझ्या तुळशीत पडले आणि माझा संयम सुटला. "सर्जेराव! हंगाम सरत आला, एकदा तरी समुद्रावर गेलात काय? मासा तिथे आहे, माझ्या कौलांवर नाही! उद्याची बस धरा, नाहीतर कोर्टात भेटू!"

त्यांनी काठी भिंतीस टेकवली. "एकटा कसा जाऊ, अण्णा?"

"कुक्कुले बाळ आहात काय?"

"पाण्यात उतरले की नजर दोरावर पाहिजे. मोठी लाट येऊलाली की मागून कोणीतरी ओरडायला पाहिजे. इतकी वर्षे ती वाळूवर बसून ओरडायची."

ती म्हणजे त्यांच्या पत्नी भागीरथीबाई. गेल्या वैशाखात त्या वारल्या.

"तुमच्यासारखीच ओरडायची," सर्जेराव म्हणाले. "शिव्यांसकट. तुम्ही मागून ओरडलात की वाटते, अजून पाण्यात उतरायला हरकत नाही."

हा बचाव कायद्यात टिकणारा नाही. शोक हा कौले फोडण्याचा परवाना नव्हे, आणि माझ्या संतापावर कोणाचा वहिवाटीचा हक्क लागत नाही. मात्र पोंगल तोंडावर आले आहे आणि मासा मुदतवाढ देत नाही. सबब सर्जेरावांनी येत्या रविवारी सकाळी, देवळासमोर, सर्व गल्लीदेखत उघड उत्तर द्यावे : तरंगंबाडीस कोणत्या बसने निघावयाचे, आणि वाळूवर बसण्यास चटई त्यांनी आणावयाची की मी?