गायकवाड सर आणि दुधाचा रिपोर्ट

आमच्या नौपाड्यातल्या लॅबच्या दारात गायकवाड सर रोज सकाळी प्रत्येकाचा वास घेतात. अत्तर, क्रीम, डासांचं मलम, काहीही चालत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नळावर परत पाठवलेलं. "जास्वंदीचं तेल लावून आलात. मशीन बिचारं गोंधळेल."

आईच्या दुधात कीटकनाशकं, प्लास्टिकमधली रसायनं उतरलीत का, ते आम्ही एका पाहणीसाठी तपासतो. मशीनबद्दल सर घरातल्या म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात. "आज त्याचं पोट बिघडलंय." रिपोर्टमध्ये शून्य आलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य: "शून्य म्हणजे मशीन झोपलेलं. परत लावा." एकाने पेढे आणले, तर खोक्याची शाई कसली याची त्यांनी दहा मिनिटं चौकशी केली. मग चार पेढे खाल्ले. एरवी माणसांशी बोलणं बेताचंच.

मागच्या महिन्यात खाडीकाठच्या कोळीवाड्यातली वंदना तान्ह्या मुलीला घेऊन थेट लॅबमध्ये आली. त्या पाहणीसाठी तिने दूध दिलेलं. रिपोर्टवर तीन रसायनांची नावं बघून ती घाबरलेली.

"माझे दुधान इख हाय ना? दोन दिस पोरीला डब्याचा दूध देतंव."

सरांनी तिला खुर्ची दिली. पाहणीच्या डॉक्टरांना फोन लावला, आकडे वाचून दाखवले आणि फोन तिच्याच हातात दिला. डॉक्टर म्हणाल्या, हे प्रमाण अगदी कमी आहे, पाजणं थांबवू नका.

तरी तिचा चेहरा तसाच. मग सर म्हणाले, "विहिरीत चिमूटभर साखर टाकली, तरी आमचं मशीन ती शोधून काढतं. म्हणून काय विहीर गोड होते?"

तिने विचार केला. "मंग पाजू?"

"आत्ताच पाजा."

त्यांनी तिला आपली केबिन उघडून दिली आणि स्वतः दाराबाहेर उभे राहिले. मॅनेजर आले, त्यांनाही आत सोडलं नाही. मी चहा नेऊन दिला, तेव्हा हळूच म्हणाले, "आमची मुलगी झाली तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायचो, कारखान्यांजवळ. मी नवा केमिस्ट. कुणाला न विचारता बायकोला पाजणं थांबवायला लावलं."

"मग?"

"मुलगी छान वाढली. ठाकुर्लीला असते. पण तेव्हा ही मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. मला कळायचं. वारली, तोवर त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही मला."

आतलं बाळाचं रडणं थांबलेलं. थोड्या वेळाने वंदना बाहेर आली. मुलगी पोट भरून झोपलेली, ओठांवर दूध तसंच.

"धरा जरा, सर. पदर सारखा करतंव."

सरांनी कप माझ्या हातात दिला आणि मुलीला घेतलं. वंदनाचा पदर केव्हाच सारखा झाला. चहा पार गार झाला, तरी त्यांनी मुलगी परत दिली नव्हती. तिनेही मागितली नाही.