आण्णांची रेंजची वही

आमच्या लोणीत भागूआण्णांच्या अंगणात गेलं की पाण्याच्या तांब्याआधी तुमचा फोन मागितला जातो. "आना हिकडं, गुर्जी. हे फोरजीवर कशापायी ठिवलंय? हितं टूजीच लागतंय." चार ठिकाणी अंगठा दाबून ते फोन परत देतात. एकदा त्यांनी माझा फोन असा सुधारला की दोन दिवस व्हॉट्सॲप बंद होतं. माझ्या बायकोने मात्र त्यांचे आभार मानले.

आण्णा मेंढपाळाच्या घरातले. धाकटा भाऊ ठका अजूनही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन माळशेज घाटाने कोकणात उतरतो. वाटेत दर मुक्कामाला रेंज वेगळी. म्हणून आण्णांनी त्याच्यासाठी वही केली. एसटीने मुक्कामामुक्कामाला जाऊन, दोन कंपन्यांची कार्डं आलटूनपालटून, बांधावर उभं राहून लिहिलेली: 'ओढ्यापाशी पहिलं कार्ड, टूजी. देवळामागं दुसरं, फोरजी. घाटात फोन बंद, बॅटरी वाचवा.'

"टावर काय आपल्यामागं चालत येत न्हाई," ते म्हणतात. "फोननंच वाट बघून बदलायचं. नेम म्हंजे नेम!"

पुढे भावाभावांत फाटलं. आण्णांनी आपल्या वाटणीची मेंढरं विकून कांदा लावला. "मेंढरं इकली, आता भावालाबी इक," असं म्हणून ठका गेला. दोन वर्षं झाली, फोन नाही. तरी आण्णा दरसाल वाट फिरून येतात, नवे टॉवर टिपतात आणि नवी पानं त्या बाजूला जाणाऱ्या मेंढपाळांच्या हाती धाडतात. ठकाचा विषय काढला की एकच उत्तर: "रेंज नसंल त्याला."

परवा ठका मला आळेफाट्यावर भेटला. बोलता बोलता त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून पानं काढली, बोटाने ओळ शोधली, फोनमधलं कार्ड बदललं आणि फोन उंच धरून बघितला.

"आण्णाच्या पानाबिगार येक मुक्काम केला न्हाई, गुर्जी."

"मग फोन का करत नाहीस?"

"त्यो थोरला हाय. त्यो लावंल की. म्या चालू ठिवलाय नव्हं?"

संध्याकाळी मी आण्णांना सगळं सांगितलं.

"आळेफाट्याला कोंचं कार्ड लावलं त्येनं?"

"दुसरं."

"बराबर हाय," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आण्णा, आत्ता लावा. त्याला पूर्ण रेंज आहे."

त्यांनी फोनमध्ये ठकाचं नाव काढलं. अंगठा वर उचलला तो तसाच राहिला. "सांजचं मेंढरं बसवायच्या घाईत असंल," असं पुटपुटत त्यांनी फोन मांडीवर ठेवला. मला त्या दोघांचा रागही आला आणि रडूही.

"थोरल्यानं नमायचं व्हय?" ते म्हणाले. "त्यो लावंल." मग माझ्यापुढे हात पसरला. "आना तुमचा फोन."

माझ्या फोनवरून त्यांनी स्वतःचाच नंबर लावला. मांडीवरचा फोन वाजू लागला.

"लागतोय की," आण्णा हळूच म्हणाले, आणि तो बंद न करता ऐकत बसले.