तात्या सोमणांचं निवेदन

परदेशातल्या आमच्या पापाटोएटो उपनगराच्या मराठी मंडळात तात्या सोमण हे एकच गृहस्थ असे आहेत, जे स्वतः ठराव मांडतात, लगेच उभे राहून तो लोकांच्या हक्कांच्या आड येतो असं बजावतात आणि मग त्याच ठरावाच्या बाजूने हात वर करतात. नव्या माणसाला वाटतं, वय झालंय. वय झालंय हे खरं, पण कारण ते नाही.

तात्या माझे शेजारी. मुंबईत सरकारच्या विधी खात्यात त्यांची हयात गेली. "आमचा सल्ला विचारायचे, पण निर्णय झाल्यावर," असं ते अजून सांगतात. बायको गेल्यावर मुलीने, शुभदाने, त्यांना इकडे आणलं. पहिल्या थंडीत हीटरपुढे बसून त्यांनी या देशाच्या कायद्यांचा फडशा पाडला आणि त्यात त्यांना ॲटर्नी-जनरल सापडला. दुसऱ्या कुणाला देव सापडतो.

"हा माणूस मंत्री, म्हणजे सरकारचाच," तात्या मला कुंपणावरून समजावत होते. "पण सरकारच्या एखाद्या विधेयकाने लोकांच्या हक्कांवर गदा येत असेल, तर संसदेला तसं कळवणं हे त्याचं काम. स्वतःच्याच सरकारविरुद्ध."

"मग विधेयक थांबतं?"

"छे. पुष्कळदा पास होतं. हाही बाजूनेच मत देतो."

"मग उपयोग काय त्याचा, तात्या?"

"उद्या कुणाला म्हणता येत नाही, की आम्हाला माहीत नव्हतं."

मी फार्मसिस्ट. 'झोप येऊ शकते' अशी चिठ्ठी मी दिवसभर डब्यांवर चिकटवते आणि लोक गोळी घेऊन खुशाल गाडी हाकतात. त्यामुळे मला ते पटलं.

तेव्हापासून तात्या आमचे ॲटर्नी-जनरल. नेमलं कुणीच नाही, पण काढायची हिंमतही कुणाची नाही. गणपतीच्या पॉटलकला जो पदार्थ आणणार नाही त्याला मोदक नाही, हा ठराव त्यांचाच. मांडून झाल्यावर ते पुन्हा उभे राहिले. "निवेदन करतो. जी नर्स रात्रपाळी करून थेट इथे येईल, तिने पदार्थ करायचा कधी? हा ठराव तिच्या मोदकाच्या हक्काच्या आड येतो. सभेने नोंद घ्यावी." सभेने जांभई दिली. ठराव तात्यांच्या मतासकट पास झाला. गणपतीच्या दिवशी अशीच एक नर्स रिकाम्या हाताने आली, तेव्हा तात्यांनी आपल्या पानातले मोदक उचलून तिच्या पानात वाढले आणि म्हणाले, "ठराव मंडळाच्या मोदकांबद्दल आहे. हे माझे." आमचे अध्यक्ष खासगीत म्हणतात, की विरोधक परवडला, पण हा आपल्या बाजूचा माणूस नको.

घरातही तेच. ओले टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, बाथरूममध्ये टाकायचे नाहीत, हा नियम तात्यांनी केला आणि नातीच्या पोहण्याच्या हक्कावर त्याने गदा येते हेही त्यांनीच सांगितलं. ईरा म्हणाली, "आजोबा, चिल."

सकाळी मात्र त्यांचा खरा दरबार भरतो, भाजीच्या दुकानाबाहेरच्या बाकावर. घरमालक न सांगता घरात शिरतो, साहेब हक्काची रजा देत नाही, असली गाऱ्हाणी घेऊन लोक येतात. मराठी, पंजाबी, फिजीकडचे, कुणीही. तात्या कायदा सांगतात आणि एखादा घाबरट असला तर ट्रेनने त्याच्याबरोबर ऑफिसपर्यंत जातात. फीचं विचारलं तर म्हणतात, "मी कुणा एकाचा वकील नाही. मी जनतेचा."

अशात निनादने, म्हणजे त्यांच्या जावयाने, शंभर किलोमीटरवरच्या हॅमिल्टन शहरात, रोटोटुना भागात घर पाहिलं. नवं कोरं, हीप्स मोठं, म्हणजे खूपच मोठं, मागे अंगण. रविवारी जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली. मला तात्यांनी 'जनता' म्हणून बोलावलं होतं. चहा मिळत असेल तर जनता व्हायला माझी कधीच ना नसते.

"आपण तिकडे शिफ्ट व्हावं, असा प्रस्ताव आहे," निनाद म्हणाला. "ईराला स्वतःची रूम मिळेल. बाबांना बाग होईल."

तात्यांनी आयुष्यात तुळशीलाही पाणी घातलेलं नाही. त्यांना गाडी येत नाही आणि तिथे चालत जाण्यासारखं ओळखीचं एक दार नाही. आता अर्धा तास निवेदन होणार म्हणून मी चहा पुरवून प्यायला घेतला. तात्या उभे राहिले आणि त्यांनी कोटाचं बटण लावलं.

"या प्रस्तावाने कुणाच्याही हक्काला बाधा येत नाही," ते म्हणाले आणि बसले.

"बाबा, पहिल्यांदाच," शुभदा हसून म्हणाली.

मला हसू येईना. "आणि तुमचा बाक, तात्या? तुमचे लोक?"

"स्वतःच्या खटल्यात स्वतः उभं राहायचं नसतं," तात्या टेबलाकडे बघत म्हणाले. "माझ्या वतीने बोलायचं काम शुभदाच्या आईकडे होतं. मी आपला जनतेचं बघायचो."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाच्या गमती सगळ्यांना सांगत आले. त्याच्या बाजूने कोण बोलतं, हे कधी विचारलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही तिकडे एकटे पडाल, हे माझ्या..." शुभदा खुर्चीत बसूनच म्हणू लागली.

"उभं राहून," तात्या म्हणाले. "बसून निवेदन करत नाहीत."

शुभदा उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "हा प्रस्ताव माझ्या वडिलांच्या हक्कांच्या आड येतो. सभेने नोंद घ्यावी."

"घेतली," तात्या म्हणाले. "आता मतदान."

निनादने दोन्ही हातांनी कप धरून ठेवला. ईराने हात पाठीमागे नेले. शुभदा तशीच उभी होती. रोटोटुनाच्या बाजूने एकच हात वर आला, आणि तो तात्यांचा होता.