चोरीला गेलेला मधाचा रंग

माझ्याबद्दल थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण मी थोडक्यात मावत नाही. वरवर बघणाऱ्याला मी ओट्याशेजारी कॉम्प्युटर मांडून लोकांच्या समारंभांच्या फिल्म जोडून देणारी एक मध्यमवयीन बाई वाटेन. वरवर बघणाऱ्यांची मला कीव येते. मी रंगांची गुप्तहेर आहे. नवरदेवाचा चेहरा जांभळट का झाला, भिंतीत हिरवा कुठून शिरला, हे मी नुसत्या वासावरून सांगते. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मोबाइलवर व्हिडिओ बघून मी ती मिळवली. त्यामुळे माझ्या ज्ञानात अधूनमधून एखादी शिट्टी गळलेली असते, एवढंच.

गुप्तहेराला साहाय्यक लागतो. माझ्या साहाय्यकाचं नाव 'अहो'. लग्नात मिळाले. ते केबल शोधतात, चहा करतात आणि माझ्या प्रत्येक तर्काला 'बरं' म्हणतात. त्या 'बरं'च्या छटा मोजणारं सॉफ्टवेअर अजून निघायचंय.

त्या सकाळी माझ्या टेबलासमोर एक उंच व्यक्ती येऊन उभी राहिली. डोळ्यांवर भलामोठा काळा गॉगल. ओळख लपवण्याची धडपड मी तत्काळ हेरली.

"बसा ना बाबा," मी म्हणाले. सासऱ्यांनी कितीही वेष पालटला तरी मी त्यांना चपलांच्या आवाजावरून ओळखते. शिवाय ते आतल्याच खोलीत राहतात.

"सूनबाई, चोरी झालीय," बाबा म्हणाले. "माझ्या फोटोतला रंग गेला."

प्रकरण असं होतं. संध्याकाळी इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता आणि तिथे मी केलेली फिल्म दाखवायची होती. सुरुवातीला आईंचा तरुणपणीचा फोटो: जिन्यात उभ्या, अंगात स्वेटर, हसू आवरतायत. त्यापुढे या वर्षी मोबाइलवर घेतलेल्या त्यांच्या क्लिप. फोटोचा रंग क्लिपना असा चढवायचा, की जिन्यातली मुलगी पायऱ्या उतरून थेट आजच्या घरात आल्यासारखी वाटावी. पडद्यावर डावीकडे फोटो, उजवीकडे क्लिप, खाली रंगांची तीन चाकं. दोन्ही बाजू सख्ख्या बहिणी दिसेपर्यंत चाकं फिरवत बसायचं. मी फिरवली होती. बहिणीच काय, जुळ्या दिसत होत्या.

"हा फोटो मी रोज बघतो," बाबा म्हणाले. "त्यात मध ओतल्यासारखा उजेड आहे. स्वेटरसुद्धा मधाचा. आणि हे काय? घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखं!"

त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्या डोळ्याने पडद्याकडे रोखून पाहिलं. हिरे पारखणारे असेच बघतात. अशील जाणकार निघाला की मला स्फुरण चढतं.

आतून आईंचा आवाज आला, "स्वेटर पांढरा होता! मीच विणलाय तो!"

साक्षीदार दिशाभूल करतोय, हे मी मनात टिपून ठेवलं.

"हे बघ," बाबांनी आवाज खाली आणला, "मला चारचौघांत बोलता येत नाही. दोघांत तर त्याहून येत नाही. तुझ्या सासूला मी आजवर कधी 'छान दिसतेस' म्हटलेलं नाही. आज तो फोटो माझ्या वतीने बोलणार होता. तो रंग नसेल तर फिल्म लावायची नाही."

मी पदर खोचला. पहिला संशय साहजिकच फोटोवाल्यावर, ज्याने तो फोटो तसबिरीतून न काढता, काचेवरूनच स्कॅन करून दिला होता. मी फोन लावला.

"आमच्या फोटोतला मध कुठे ठेवलायस?"

"कोण बोलतंय?"

"प्रश्न मी विचारणार."

"वहिनी होय! अहो, फोटो जसा होता तसा दिलाय. तुमचा रंग ठेवून घेऊन मी काय दुकानाला फासू?"

उत्तर फार तयार वाटलं. मी भिंतीवरची मूळ तसबीर उतरवून आणायचा हुकूम सोडला. अहोंनी ती आणली. बाबांनी डावा डोळा झाकून पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"हाही गेला. मूळ फोटोच बदललाय कुणीतरी!"

प्रकरणाने आंतरराष्ट्रीय वळण घेतलं होतं. मी तसबीर उलटी करून भिंगाखाली धरली. "मागच्या खिळ्यांवर कित्येक वर्षांची अखंड धूळ आहे. अर्थ उघड आहे, ही तसबीर कुणीही उघडलेली नाही."

आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. "कसली धूळ? माझ्या घरात?"

"आई, ही धूळ तुमच्या निर्दोषत्वाचा पुरावा आहे."

"पुरावा आहे म्हणून पुसायची नाही का?" असं म्हणत त्यांनी पदराने पुरावा नष्ट केला.

मग मला लख्खकन सुचलं. अगदी शब्दशः. "अहो! बाहेरच्या खोलीतला पिवळा बल्ब कुणी बदलला?"

अहो कोपऱ्यात सरकले. "मी. मागच्या आठवड्यात. पांढरा लावला. वीज कमी लागते."

"घरभेदी!"

"बरं."

जुना बल्ब माळ्यावरून आला, लागला, पेटला. आम्ही तिघांनी तसबीर त्याखाली धरली. बाबांनी डोळा झाकला. बराच वेळ पाहिलं.

"पिवळं झालं," ते म्हणाले. "पण मध नाही."

आता माझ्या अब्रूचा प्रश्न होता. मी चाकं गरागरा फिरवायला लागले. पहिल्या खेपेला आईंना कावीळ झाली. दुसऱ्या खेपेला त्या पितळेच्या दिसल्या. तिसऱ्या खेपेला चेहरा जमला, पण मागचा फ्रिज असा काही तांबूस पेटला की अहो पाणी आणायला उठले.

"राहू दे, बाळ," बाबा म्हणाले. ते 'सूनबाई'वरून 'बाळ'वर येतात तेव्हा त्यांनी आशा सोडलेली असते. "सगळ्यांना जेवायला घालू आणि पाठवून देऊ. फिल्म नको."

मी चाकांवरचा हात काढून घेतला. गुप्तहेर हार मानत नाहीत, म्हणून लगेच परत ठेवला.

तेवढ्यात आई छोटी बाटली घेऊन आल्या. "थेंबांची वेळ झाली. मान मागे करा. उजवा डोळा. आता मिटून ठेवा, उघडायचा नाही."

बाबांनी उजवा डोळा मिटला. मान खाली आणली. मांडीवर तसबीर होती. ते ओरडलेच, "आला! आला की गं मध!"

"कुठून?" मी उडी मारली.

"कुठून काय," आई बाटलीचं झाकण लावत म्हणाल्या, "डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू आहे ना. डॉक्टर म्हणाले नव्हते का, मोतीबिंदू वाढत जातो तसतसं सगळं पिवळट दिसतं, कळतसुद्धा नाही. काढला की एकदम पांढरंनिळं दिसायला लागतं. सकाळपासून नवा डोळा तेवढा उघडा ठेवून बघतायत आणि म्हणे चोरी!"

बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हे मला माहीत होतं. दवाखान्यात डबा मीच पाठवला होता. पण घरगुती माहिती आणि पुरावे मी कधी एका कप्प्यात ठेवत नाही.

"डॉक्टरांकडे मीही होतो," अहो म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू मला बल्बबद्दल विचारत होतीस."

बाबा मात्र उतरल्या चेहऱ्याने बसले होते. "म्हणजे तो रंग नव्हताच. नुसता माझा डोळा खराब."

"नव्हता कसा?" मी म्हणाले. "तुम्हाला आई इतकी वर्षं तशाच दिसल्या ना? मग तोच खरा रंग. उठा बाबा. जुळवू या."

असं काम कुठल्याच व्हिडिओत शिकवलेलं नाही. तसबीर एका बाजूला, पडदा दुसऱ्या बाजूला आणि अहो मध्ये पुठ्ठा घेऊन उभे. डाव्या डोळ्याने फोटो, उजव्याने पडदा. पुठ्ठा इकडे, पुठ्ठा तिकडे.

"आणखी पिवळा?"

"थोडा. लाल कमी कर. पुठ्ठा! नाही रे, त्या डोळ्यावर! हं... सावलीत जरा ऊब घाल... थांब!"

मी थांबले. बाबांनी स्वतःच पुठ्ठा आलटून पालटून धरून पाहिला. डावा, उजवा. डावा, उजवा. मान डोलावली आणि गॉगल घाईघाईने खाली ओढला.

संध्याकाळी हॉल भरला. पहिल्या रांगेत बाबा, त्यांच्या उजव्या हाताला आई, मागे आम्ही. फिल्म सुरू झाली. जिन्यातली मुलगी मधात न्हालेली, आणि पाठोपाठ आजच्या आई: फुलझाडांना पाणी घालणाऱ्या, अहोंवर ओरडणाऱ्या, पीठ मळणाऱ्या. सगळ्या त्याच उजेडात.

"सगळं पिवळं का दिसतंय?" मागून कुणीतरी कुजबुजलं. अहोंनी वळून इतक्या कडक नजरेने पाहिलं की तो साहाय्यकाचा सर्वोच्च क्षण मानावा लागेल.

आई पुढे वाकून बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुम्हाला अशी दिसत होते?"

"हो."

"आणि नव्या डोळ्याने?"

बाबांनी गॉगल काढला, डावा डोळा झाकला आणि आईंकडे प्रामाणिकपणे निरखून पाहिलं. "सुरकुत्या दिसतात. बऱ्याच आहेत."

मी डोळे मिटून घेतले. दोन्ही.

आई उठल्या. आपली खुर्ची उचलली, सगळ्यांच्या गुडघ्यांना धक्के देत बाबांच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली आणि बसल्या.

बाबा गोंधळले. मग सबंध अंग वळवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून ते आईंकडे बघत राहिले.

"दोन्हीकडून छान दिसतेस," ते म्हणाले. हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

"समोर बघा," आई म्हणाल्या. "पोरीने दिवसभर खपून केलीय ती फिल्म."

पण बाबा काही समोर बघेनात.