परीचे पंख आणि लॅथम साहेबाचं पोट

ज्या कपड्याला एक गळा आणि दोन बाह्या आहेत तो मला शिवता येत नाही, असं आजवर झालेलं नाही. माझे अब्बा श्रीवर्धनचे टेलरमास्तर. मी चालायच्या आधी मशीनचं चाक फिरवायला शिकले, असं आमच्याकडे म्हणतात. मुंबईहून बोटीने कुवेतला आले तेव्हा बाकीच्या बायका लोणच्याच्या बरण्या सांभाळत होत्या आणि मी शिलाई मशीन मांडीवर घेऊन बसले होते. त्यामुळे सन अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात जे झालं त्यात दोष शिवणाचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. दोष माझ्या नवऱ्याचा, यूसुफच्या अब्बांचा होता.

त्यांचं नाव इद्रीस. तोंडाने मी घेत नाही, कागदावर चालतं. अहमदीच्या तेल कंपनीत ते क्लार्क होते आणि कंपनीने आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं होतं. त्यात आम्ही दोघं, सात वर्षांचा यूसुफ, पाच वर्षांची असमा, आणि उरलेल्या जागेत वाळू. सासूबाई गावी एकट्या होत्या. त्यांना आणायचं म्हणून तीन खोल्यांच्या क्वार्टरसाठी अर्ज केला होता. तो अर्ज चार महिने लॅथम साहेबाच्या टेबलावर पडून होता. साहेबाने एक सही करायची, एवढंच काम. पण हा अमेरिकन साहेब दिवसभर घड्याळ बघायचा, न पेटवलेली सिगार चघळायचा आणि ओरडायचा, "इद्रीस, फाईल कुठाय?" फाईल त्याच्या कोपराखाली असायची. हे सगळं आमचे हे रोज घरी येऊन सांगायचे, पोटावर हात दाबून. साहेबाच्या भीतीने त्यांचं पोट दुखायचं आणि ओवा मला द्यावा लागायचा.

एका संध्याकाळी ते आले ते हसत आले. मला तेव्हाच शंका आली.

"येत्या शुक्रवारी साहेबलोकांचा सण आहे," ते म्हणाले. "हॅलोविन. मुलांनी सोंगं घ्यायची आणि घरोघरी जायचं. दारात उभं राहून ट्रिक ऑर ट्रीट म्हणायचं. मग लोक मिठाई देतात. साहेब म्हणाला, तुझी मुलं पण घेऊन ये. मी हो म्हटलं."

"दारोदार?"

"हो."

"पिशवी घेऊन?"

"पिशवी तर लागेलच."

"आणि नाही दिली मिठाई तर?"

"तर मुलं खोडी काढतात. गंमत असते ती."

मी हातातलं पीठ परातीत आपटलं. "म्हणजे माझ्या पोरांनी साहेबाच्या दारात भीक मागायची, आणि भीक मिळाली नाही तर गुंडगिरी करायची. यासाठी मी त्यांना शाळेत पाठवते का? सहीसाठी आता पोरांना उभं करणार तुम्ही?"

"रमझानात गरगिआनला पाठवतेस ना, शेजारच्या कुवेती मुलांबरोबर? तेव्हा पिशवी भरून आणतात ते काय असतं?"

"तो आपल्या लोकांचा रिवाज आहे."

"त्यांचा हा आहे."

मुद्दा त्यांचा बरोबर होता, म्हणून मी आणखी चिडले. शेवटी मी एक अट घातली. मुलं जातील, पण रिकाम्या हाताने नाही. प्रत्येक दारात आधी आपली नारळाची वडी द्यायची, मग त्यांची मिठाई घ्यायची. देवघेव झाली की ती भीक राहत नाही. ते लगेच कबूल झाले. मी अंगणात उंट बांधायला सांगितला असता तरी त्या दिवशी ते कबूल झाले असते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या झुलेखाभाबी आल्या. त्यांचा नवराही त्याच कंपनीत. बाईंचा आवाज असा की त्या घरात बोलल्या तरी बसस्टॉपवरची माणसं वळून बघायची.

"अगो नूरबानू, कशाला मशीन काढतेस? एक पांढरी चादर घे, डोळ्यांना दोन भोकं पाड, झालं भूत. माझ्या पोरांना मी तेच करणार."

"भाबी, जित्याजागत्या पोराला पांढऱ्या चादरीत गुंडाळू? आपल्यात पांढऱ्यात कुणाला गुंडाळतात?"

भाबींनी कानाला हात लावला. दोन मिनिटांनी उठून घरी गेल्या. नंतर कळलं की त्यांच्या मुलांना त्यांनी फुलाफुलांच्या पलंगपोसाची भुतं केलं.

असमाला परी व्हायचं होतं. मी फहाहीलच्या बाजारात जाऊन इराणी कापडवाल्याकडून जाळीचं कापड आणलं आणि तीन दिवस खपून झगा शिवला. पंखांना तारेचा सांगाडा केला, त्यावर जाळी ताणून काठाला चंदेरी फीत लावली. झगा असा झाला की खुद्द परीने मापं द्यायला यावं. त्या पंखांनी असमाला बसता येत नव्हतं, दारातून सरळ जाता येत नव्हतं आणि जवळ येणाऱ्याच्या डोळ्यात तार जात होती, पण ते शिवणकामाचे दोष नव्हेत.

यूसुफचं सोंग मात्र ठरेना. त्याच्या अब्बांनी त्याला समजावलं, "ज्याची भीती वाटते त्याचं सोंग घ्यायचं असतं."

यूसुफने विचार केला आणि म्हणाला, "मग मी लॅथम साहेब होतो."

हे ऐकायला त्याचे अब्बा खोलीत नव्हते, पाणी भरायला गेले होते. मी होते. चार महिन्यांचा ओवा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी म्हटलं, "हो. पण आतापासून अब्बांना सांगू नकोस."

हे मी रागाच्या भरात केलं, हे मान्य. पण रागात माझा हात जास्त चांगला चालतो. खाकी चड्डी शिवली, खाकी बुशशर्ट शिवला आणि आत बांधायला उशीचं पोट केलं. लाल पतंगी कागद भिजवून गालांना आणि नाकाला रंग लावायचं ठरवलं. सिगारच्या जागी दालचिनीचा जाड तुकडा. साहेबाच्या घरी मात्र न्यायचं नाही, एवढी अक्कल मला होती. साहेब शुक्रवारी संध्याकाळी क्लबात असतो, हे आमच्या ह्यांनीच शंभरदा सांगितलं होतं. म्हणजे बाकीच्या गल्लीत फिरायचं, त्याच्या मडमेला लांबून सलाम करायचा आणि परत यायचं.

शुक्रवार आला. हे दुपारनंतरच्या, असरच्या नमाजला गेले होते, तिथून थेट साहेबांच्या वस्तीच्या कोपऱ्यावर भेटणार होते. मी यूसुफला उशी बांधत होते. ती सुटत होती, मी पुन्हा बांधत होते, तो गुदगुल्या होऊन हसत होता. तेवढ्यात पलीकडून कापड फाटल्याचा आवाज आला. तो आवाज टेलरच्या मुलीला झोपेतही ओळखू येतो.

असमा दारात अडकली होती. एक पंख कडीत, दुसरा बाहेर, आणि झगा खांद्यापासून कमरेपर्यंत उभा चिरलेला.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. दाराला बोलले, कडीला बोलले, कंपनीच्या सुताराला बोलले, अमेरिकेला बोलले. असमा रडली नाही, नुसती बघत उभी राहिली. शेवटी मी म्हटलं, "आता काहीही घाल, मिळेल ते घाल आणि चल. मला तोंड दाखवू नकोस."

ती आत गेली. मी उशीकडे वळले.

दहा मिनिटांनी ती आली तेव्हा तिने माझं जुनं पातळ गुडघ्यापर्यंत खोचून गुंडाळलं होतं, कपाळाला ओढणी करकचून बांधली होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवला होता आणि हातात स्वयंपाकघरातलं उलथणं होतं. मला वाटलं, म्हातारी झाली आहे. बरं केलं. उशीर होत होता, मी दोघांना घेऊन निघाले.

कोपऱ्यावर यूसुफच्या अब्बांनी आम्हाला पाहिलं. यूसुफने घड्याळ पाहिल्यासारखं केलं, दालचिनी दाताखाली धरली आणि भुवया वर केल्या. त्याच्या अब्बांचा हात आपोआप पोटावर गेला.

"हे कोण आहे?" ते हळूच म्हणाले.

"ओळखलंत ना? मग झालं."

"नूर, साहेब घरी आहे. त्याचा पाय मुरगळलाय. क्लबात गेला नाही. आणि त्याने सगळ्यांत आधी आपल्याला बोलावलंय."

"मग घरी चला."

"त्याने आपल्याला बघितलंय."

मी वळून पाहिलं. कण्हेरीच्या कुंपणापलीकडे, व्हरांड्यात, एक पाय स्टुलावर ठेवून साहेब बसला होता आणि हात हलवून बोलावत होता. अंगावर खाकी चड्डी, खाकी बुशशर्ट, मांडीवर आलेलं पोट, लाल नाक, तोंडात सिगार.

त्या फाटकापासून व्हरांड्यापर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत आमच्या ह्यांनी मला ऐकू येईल इतपत आवाजात सांगितलं की अर्ज गेला, नोकरी गेली, आता बोट, आता गाव. मीही त्यांना सांगितलं की हे सगळं हो म्हणण्याआधी बायकोला विचारलं असतं तर झालं नसतं. यूसुफ पुढे चालत होता, पोट सांभाळत.

लॅथमबाईंनी दार उघडलं. असमाने वडी पुढे केली, बाईंनी गोंधळून घेतली आणि थँक्यू म्हटलं. यूसुफ सरळ साहेबासमोर जाऊन उभा राहिला. दालचिनी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली, मनगट बघितलं आणि इंग्रजीत गरजला, "इद्रीस, फाईल कुठाय?"

साहेबाने यूसुफला वरून खालपर्यंत पाहिलं. मग पोट पाहिलं. मग लाल नाक पाहिलं. मी असमाचा हात घट्ट धरला. मनातल्या मनात मी ट्रंका भरायला लागले होते.

आणि साहेब हसायला लागला. खुर्ची करकरली, स्टुलावरचा पाय खाली पडला, दुखला, तरी तो हसत राहिला.

"ग्रेसन," तो म्हणाला. "अगदी हुबेहूब ग्रेसन. ते पोट बघा त्याचं."

ग्रेसन म्हणजे त्याच्या वरचा साहेब. तो काडीसारखा बारीक होता, हे मला ठाऊक होतं, कारण मी त्याला बसमधून पाहिलं होतं.

"येस सर," आमचे हे म्हणाले. "मिस्टर ग्रेसन, सर."

यूसुफ खरं बोलणारा मुलगा आहे. त्याने तोंड उघडलं. त्याच्या अब्बांनी त्यात एक अख्खी नारळाची वडी कोंबली.

लॅथमबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ओठ आत दाबून धरले होते. त्या बाईला सगळं कळलं होतं. मी आमच्या ह्यांना मराठीत, चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं, "बघा. माणसाला दुनियेचं थोबाड ओळखू येतं, आपलं येत नाही."

इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मग बाई असमासमोर वाकल्या. "आणि तू कोण, बेटा? चेटकीण?"

"म्हातारी," मी म्हटलं. "ओल्ड वूमन."

असमाने मान हलवली. तिने एक हात कमरेवर ठेवला, उलथणं वर धरलं, आणि त्या एवढ्याशा गळ्यातून असा आवाज काढला की कण्हेरीला पाणी घालणाऱ्या माळ्याच्या हातातली नळी थांबली.

"दार लावा म्हटलं ना, वाळू आत येतेय! मी काय बैल आहे? ओवा पाहिजे? ओवा तुमच्या साहेबाला द्या! कडी कुणी अशी ठोकलीय? त्या सुताराला बोलवा. मला तोंड दाखवू नका!"

साहेबाला आणि बाईंना एक शब्द कळला नाही आणि सगळ्यांना सगळं कळलं. साहेब हसता हसता खोकायला लागला. मलाही हसू आलं. किती बारकाईने उचललंय पोरीने.

"अगदी झुलेखाभाबी," मी म्हटलं.

आमच्या ह्यांनी जमिनीकडे पाहिलं. यूसुफने वडी गिळली. आणि असमा, शाळेत शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत, लॅथमबाईंना म्हणाली, "आय अ‍ॅम अम्मी."

आता लॅथमबाईंनाही ओठ दाबून धरता आले नाहीत.

साहेबाने डोळे पुसले. मग त्याने आमच्या ह्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्याने चार वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या आजाऱ्याकडे बघतात तसं.

"इद्रीस," तो हळू आवाजात म्हणाला, "तुझा तो क्वार्टरचा कागद. तीन खोल्यांचा. उद्या सकाळी आण, मी सही करतो. माणसाला घरात बसायला एखादी वेगळी खोली हवी."

"येस सर," आमचे हे म्हणाले.

उरलेल्या घरांत मी कशी फिरले ते मला आठवत नाही. वड्यांचा डबा रिकामा झाला, पिशव्या भरल्या. परतताना तेलविहिरींच्या जाळांनी आकाश लालसर झालं होतं. यूसुफने उशी काढून डोक्यावर घेतली होती. आमचे हे पुढे चालले होते, आणि पहिल्यांदाच त्यांचा हात पोटावर नव्हता.

मी त्यांना गाठलं. "खरं सांगा," मी म्हटलं. "मी अशी बोलते?"

त्यांनी असमाकडे हात पसरले. मग म्हणाले, "पोरगी दमलीय, मी उचलून घेतो."

मी चांगलं सुनावलं असतं त्यांना. पण माझं उलथणं असमाच्या हातात होतं, आणि ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होती.