खडूचा गोल

"एक नळ गळतोय, त्याला प्लंबर कशाला?" अप्पांनी लेकीला फोनवर ऐटीत सांगितलं. "तीस वर्षं अख्खं ऑफिस सांभाळलंय मी!" मग पाना घेतला, जोर लावला आणि नळ मुळासकट हातात आला!

अप्पांनी भोकात बोट घातलं, टॉवेल कोंबला, शेवटी स्वतःच पाठ टेकून उभे राहिले! खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने धावत येऊन कुठलासा कॉक फिरवेपर्यंत घराचं तळं झालं होतं.

गाद्या काय, वाळल्या असत्या. अप्पांचा जीव स्वयंपाकघरातल्या भिंतीत होता. बायकोने शेवटच्या आजारपणात तिथे पेन्सिलीने अकरा ओळी लिहून ठेवल्या होत्या. दूध किती तापवायचं, कुठली गोळी कधी घ्यायची, असलंच सगळं. आपल्यामागे या माणसाचे हाल होणार, याची तिला खात्रीच होती. ती जाऊन दोन वर्षं झाली, तरी अप्पा रोजचा चहा त्या भिंतीसमोर उभे राहून घेत.

गवंड्याने भिंती ठोकून पाहिल्या. "बराच गिलावा फुगलाय. पाडावा लागेल."

परक्या माणसाला बायकोच्या अक्षराबद्दल काय सांगायचं? अप्पांना संकोच वाटला. त्यांनी गुपचूप त्या ओळींभोवती खडूने ठळक गोल काढला. "खूण करून ठेवलीय हं!" एवढं सांगून ते गाद्या वाळत घालायला गच्चीवर गेले.

परत आले तर गोलाच्या आत नुसत्या विटा!

"अहो, हे काय केलंत?"

"खूण केली होतीत ना? आमच्यात खडूचा गोल म्हणजे इथे फोडायचं. चांगला मजबूत होता हो गिलावा, घाम काढला त्याने!"

अप्पा ढिगाऱ्यापाशी मटकन बसले. एका तुकड्यावर 'साखर' एवढंच उरलं होतं. तो छातीशी धरून ते हुंदके देऊन रडले. सगळं कळल्यावर गवंडीही ओशाळला. त्याने विटांवर नवा गिलावा चढवला आणि अप्पांच्या हातात खिळा दिला.

"ओला आहे तोवर लिहून टाका, अप्पा. आठवतंय ना?"

"तोंडपाठ आहे!"

अप्पांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत अकराच्या अकरा ओळी कोरल्या. गवंडी एकेक ओळ वाचत खाली आला आणि सातव्या ओळीवर थांबला.

"'नळ तुटून पाणी उसळलं तर आधी माळ्याजवळचा कॉक बंद करा. घाबरू नका.' हे तुम्ही रोज वाचत होतात?"

अप्पांनी डोळे पुसले.

"वाचत कुठे होतो? तिचं अक्षर बघत होतो हो मी!"