चांदवेलीची निवड

दारातली जास्वंद पुन्हा बोडकी झाली होती आणि धनाजी शेलार नुसता पेटला होता. स्वतःच्या दारात झाड असून आईच्या फोटोला आजही विकतचा, दोन दिवसांचा झेंडू!

"ह्यो चेअरमन हाय का टोळ?" दुपारी मार्केटातून आल्या आल्या त्यानं पिशवी आपटली.

टोळ म्हणजे बाजीराव निकम, ऐरोलीच्या त्या बैठ्या घरांच्या सोसायटीचे चेअरमन. कपाळाला गंध, तोंडात स्तोत्र, एका हातात आकडीची काठी आणि दुसऱ्यात धुतलेली दुधाची पिशवी. साडेपाचला निघायचे आणि लोकांचे देव उपाशी ठेवून स्वतःचा देव्हारा भरायचे. धनाजी कांदा-बटाटा मार्केटातला माथाडी, पाचलाच घर सोडणारा. राखण करणार कोण? त्याच्या बायकोनं, विजयमालेनं, एकदा हटकलं, तर वर म्हणतात कसे, "अहो वहिनी, देवाचं फूल. त्यात चोरी कसली?" घ्या! म्हणजे हटकणाराच पापी.

धनाजीच्या आईनं साताऱ्याकडच्या घरी उभ्या जन्मात विकतचं फूल देवाला घातलं नव्हतं. सप्टेंबरात तिचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी तरी फोटोला आपल्या दारचं फूल घालायचंच, असं धनाजीनं मनाशी पक्कं केलं होतं.

तोड सापडली ती महिला मंडळातल्या सुनयनाबाईंकडे. त्यांच्याकडे चांदवेल होती. तिची पांढरीशुभ्र फुलं दिवेलागणीला उमलतात आणि सकाळी पार मिटतात. धनाजी खूश झाला. संध्याकाळी आपण घरीच, उमलल्या उमलल्या तोडून घ्यायची; साडेपाचला चेअरमनच्या हाती नुसते देठच लागणार!

फक्त एक घोळ होता. सुनयनाबाईंनी चांदवेल आणि सकाळी उमलणारी निळी मॉर्निंग ग्लोरी, दोन्हींचं बी चुकून एकाच कुंडीत पेरलं होतं. जूनच्या शेवटी ती बोटभर रोपं विजयमाला आइस्क्रीमच्या डब्यातून घेऊन आली.

"बाईंनी खूण सांगितलीय," ती म्हणाली. "पहिल्या दोन पानांची खाच बघायची. पान रुंद अन् खाच जराशी असली की ती निळी. ती टाकायची. पान देठापतुर चिरलेलं, बेचक्यावानी असलं की ती चांदवेल."

धनाजीनं डबा डोळ्यांजवळ धरला. पंचवीस वर्षं मार्केटात काढलेला माणूस तो. बटाट्यावरून नुसता अंगठा फिरवून माल कुठला ते सांगायचा. चिरलेला, किडका, नख लागलेला नग त्याच्या हातून कधी पुढं गेला नव्हता.

"ही चिरल्याली? आगं, ही किडीनं खाल्ल्याती!"

"अवो, ती तशीच असत्यात. बाईंनी..."

"बाईंनी कदी गोणी निवडलीया? चिरलेला बटाटा एक नंबर म्हणून कुनी इकला तर घेशील का तू? खुळी का काय! तू उलटं ऐकून आलीस. ही बघ, रुंद, गुबगुबीत. ह्यो खरा माल."

"मग निवडा तुमीच! मी एक शब्द बोलनार न्हाई." विजयमाला फणकाऱ्यानं आत गेली आणि आतून बराच वेळ बोलत राहिली.

धनाजीनं बारा गुबगुबीत रोपं कुंपणाशी लावली आणि नऊ चिरलेली फाटकाबाहेर कचऱ्यात टाकली. पुढं वेलींना बदामासारखी पानं आली. चांदवेलीलाही तशीच येतात म्हटल्यावर तो मिशीतल्या मिशीत हसत फिरू लागला.

वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी कळ्या दिसल्या. संध्याकाळी धनाजी खुर्ची टाकून समोर बसला, पण एकही उमलली नाही. दुसऱ्या दिवशी मार्केटातून आला तर कळ्या गायब, रिकामे देठ तेवढे उभे!

विजयमाला दारातच होती. "साडेपाचला निळीशार फुलली होती. चेअरमननी पिशवी भरून न्हेली. एक नंबर माल म्हनाले."

धनाजीनं डोक्याला हात लावला. तीन दिवस हेच चाललं. श्राद्धाच्या सकाळी त्यानं मार्केटला खाडा केला, पण आंघोळ उरकेपर्यंत वेल साफ झालेली. नऊच्या सुमाराला खुद्द चेअरमनच फाटकात उभे, लाल झालेले, हातात मलूल निळ्या चिंध्या.

"शेलार, हे काय लावलंय तुम्ही? रोज बघतोय. आरती होईपर्यंत फुलं मान टाकतात! देवाला असली फुलं? लोकांनी तोडायची म्हणजे जरा विचार करून लावावं माणसानं!"

धनाजीनं आ वासला.

"माझ्याकडे येऊन बघा संध्याकाळी," चेअरमन पुढं म्हणाले. "कोणीतरी अडाण्यानं नऊ रोपं कचऱ्यात टाकली होती. फुकट ते पौष्टिक, मी उचलून लावली. वीतवीतभर पांढरी फुलं, अन् वास काय! सातच्या बातम्या लागेपर्यंत अंगण भरून जातं."

धनाजीनं बायकोकडे पाहिलं नाही.

सात वाजता चेअरमन टीव्हीसमोर बसले आणि त्यांच्या कुंपणाशी धनाजी उभा राहिला. हातात धुतलेली दुधाची पिशवी. त्यानं नऊ फुलं तोडली, चांगली निवडून. दहाव्याला हात घातला तोच दार उघडलं.

"शेलार! लाज नाही वाटत? चोरी करता?"

"चेअरमनसाहेब, देवाचं फूल," धनाजी शांतपणे म्हणाला. "त्यात चोरी कसली?"

त्या रात्री आईच्या फोटोला पांढरा हार होता आणि घरभर वास होता. फूल आपल्या दारचं नव्हतं, पण रोप आपल्या दारातूनच गेलं होतं, असं धनाजीनं फोटोला हात जोडून समजावलं.

सकाळी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली: 'संध्याकाळी कोणीही दुसऱ्याच्या दारातील फुले तोडू नयेत. हुकुमावरून, चेअरमन.'

सकाळबद्दल नोटिशीत एक अक्षर नव्हतं.